शेल्याला लावलेला हात

नेरडीगोंड्याकडून येणारी बस कॉलेजच्या चौकात थांबली आणि भाऊ उतरले, तेव्हा त्यांच्या हातात पिशवी नव्हती. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड त्यांनी छातीशी धरलं होतं. मी फाटकात वाट पाहत उभा होतो. जुन्या नाटकांचे प्रयोग या विषयावर आदिलाबादेत दोन दिवसांची चर्चा आम्ही काही मराठी नोकरदारांनी मिळून ठरवली होती. आज दुसरा दिवस होता आणि दुपारच्या सत्रात भाऊ मंचावर बसणार होते. त्यांना आणायचं काम माझं होतं आणि सत्राचं सूत्रसंचालनही माझंच.

भाऊ माझे सख्खे कोणी नव्हेत. माझ्याच गावचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, कापूस आणि ज्वारी करणारे शेतकरी. आता साठी ओलांडलेली. मी गाव सोडून मंडल ऑफिसात कारकून झालो, शहरात राहायला आलो, पण गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात म्हणून मीही भाऊच म्हणतो.

"हे काय आनलं, भाऊ?"

"ढाल."

"कोनती?"

"किती ढाली भेटल्या मले? तीच, बक्षिसाची. आज वापस कराची हाये."

मी हसलो. भाऊ हसले नाहीत. सुनेने इस्त्री करून दिलेल्या शर्टाची वरची गुंडीसुद्धा त्यांनी लावली होती आणि त्यामुळे त्यांची मान आखडल्यासारखी दिसत होती.

"कोनाले वापस करता? देनारे परीक्षक कुठं राह्यले आता?"

"मंग त्या बाईले देतो. एवढं लिवलं तिनं माह्यावर. फसवलं म्या तिले."

बाई म्हणजे नागपूरहून आलेल्या नाट्यशास्त्राच्या प्राध्यापक. जुन्या नाटकांच्या गावोगावच्या प्रयोगांवर त्यांनी बरंच लिहिलं होतं आणि त्यातला एक लेख पूर्ण भाऊंवर होता. खरं म्हणजे भाऊंच्या एका शांततेवर होता. तो लेख ज्या माहितीवर उभा होता ती माहिती त्यांना मी दिली होती. खाली टिपेत माझे आभारही होते. ते पान मी ऑफिसात दोघातिघांना दाखवलं होतं.

कॅन्टीनमध्ये मी दोन चहा सांगितले. भाऊंनी ढाल मांडीवर ठेवली आणि एकदम बोलायला लागले, घरून निघताना मनात जुळवून आणल्यासारखं.

"पाडव्याले वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन राह्यलो. पोरानं नार्नूरकडचा एक मानूस पाह्यला. पोरगं म्हनते, बाबा, तुमाले आता होत नाही. खरं हाये. पंप भरो त मले भेव वाटे, औषिद दोनदा त नाही टाकलं? पाच वर्सं झाली, फवारनीले हात लावू देत नाहीत मले. बाजाराले एकटं जाऊ देत नाहीत."

"वय झालं की होतेच थोडं इसरनं."

"वयाचं नाही. तवापासून होय." त्यांनी टॉवेलावर बोट ठेवलं. "त्या दिवशीच समजलं मले. माहा बाप शेवटी मायलेही वळखत नव्हता. तेच माह्या डोक्यात बसलं हाये. मी वाक्य इसरलो त्याचं काही नाही, सगळेच इसरते. पन मी खूणच इसरलो रे. माहा हात उठलाच नाही. उठला असता त तू देल्लंच असतं ना वाक्य? तू त एका श्वासात द्यायचा."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. बावीस वर्षं मी जे लपवून ठेवलं होतं त्याचा त्यांनी असा अर्थ लावला असेल हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. आपण कुणाचं काय नेलं हे मला तोवर माहीतच नव्हतं. ढाल त्यांना मिळाली, नाव त्यांचं झालं, मग माझ्याकडून बिघडलं काय, असंच मी स्वतःला सांगत आलो होतो.

मी म्हणालो, "भाऊ, मले तुमाले काही सांगाचं हाये." तेवढ्यात दारातून कोणीतरी हाक मारली, सर, पाहुणे बसले, चला. मी उठलो. खरं लिहायचं तर त्या हाकेने मला सुटल्यासारखं वाटलं.

ते काय होतं ते आता सांगतो.

आमच्या गावात कापसाची वेचणी संपली की नाटक बसायचं. वर्षानुवर्षं एकच नाटक. जुनं, पौराणिक, एका दमात न संपणाऱ्या वाक्यांचं. त्यात एक राजा भर दरबारात स्वतःच्या मुलाला शिक्षा सुनावतो. राजा भाऊच. पण भाऊंना वाचता येत नव्हतं. मी पदवी घेऊन नोकरीची वाट पाहत घरी बसलो होतो, म्हणून त्यांचं पाठांतर माझ्याकडे आलं. ते कापसात डवरणी करायचे, बैलांमागे चालत ओळींमधलं तण काढायचे, आणि मी वही घेऊन बाजूच्या धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, चालायचो. कापसाच्या एका ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. एका तासाला एक वाक्य, असा आमचा हिशेब होता. तास संपेपर्यंत ते वाक्य घोळवत जायचे आणि वळताना मी पुढचं द्यायचो. तीन हंगाम असे गेले. जोडाक्षरं, विराम, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं माझ्या तोंडून त्यांच्या कानात गेलं.

प्रयोगात मी प्रॉम्प्टर. डाव्या अंगाला पडद्याआड वही धरून बसायचो. आमच्या मंडळीची एक कडक रीत होती. नट अडला की त्याने उजव्या हाताने शेल्याचं टोक धरायचं. ती खूण दिसल्याशिवाय प्रॉम्प्टरने तोंड उघडायचं नाही, कारण नको तेव्हा आवाज आला तर तो नटाचा अपमान. आणि खूण दिसली की तत्काळ पहिले दोन शब्द द्यायचे.

एका वर्षी आम्ही आदिलाबादला स्पर्धेत उतरलो. आमचा प्रयोग सकाळी अकराचा होता. त्याआधी बाहेर टपरीवर चहा घेताना शहरातले एक रसिक गृहस्थ भाऊंना म्हणाले, "तालीम पाहिली तुमची. शेतकरी माणूस आणि इतकी शुद्ध वाणी! कुणाकडे शिकलात?"

भाऊ खुशीत होते. म्हणाले, "कोनाकडं शिकनार? देवानंच देल्लं." त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "आणि हे?"

"हा? हा पुस्तक धरते आमचं."

सगळे हसले. मीही हसलो. त्यात दुष्टपणा काही नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र ते शब्द मी पडद्याआड घेऊन बसलो.

तिसऱ्या अंकात राजा म्हणतो, "प्रधानजी, लिहा," आणि मग शिक्षेचं लांब वाक्य येतं. भाऊ म्हणाले, "प्रधानजी, लिहा." आणि थांबले. प्रधान झालेला आमच्या गावचा शिंपी लेखणी उगारून उभा होता. भाऊंचा उजवा हात शेल्याकडे गेला. त्यांनी टोक धरलं. मुठीत घट्ट धरलं. मला स्वच्छ दिसलं, माझ्यापासून पाच हातांवर होतं. वाक्य माझ्या बोटाखाली होतं.

मी दिलं नाही.

मनात एवढंच होतं की आता कळू दे. एक श्वास जाऊ दे. मग दुसरा. मग मला भीती वाटायला लागली, आणि भीती वाटल्यावर तर तोंड उघडेचना. सभागृहात कोणी खोकलं नाही.  भाऊ सिंहासनाच्या पायरीवर हळूच बसले आणि नाटकात नसलेलं, आमच्या गावच्या बोलीतलं वाक्य बोलले, "तुमीच लिहा."

लोक उभे राहिले. असा राजा कोणी पाहिला नव्हता. मुलाला शिक्षा सुनावताना वाचा गेलेला, राजेपण बाजूला ठेवून बसलेला. अभिनयाची ढाल भाऊंना मिळाली. पुढच्या वर्षी ते नाटकात उभे राहिले नाहीत. कोणी विचारलं तर कामाचं निमित्त सांगायचे. मला वाटलं, ढाल मिळाल्यावर माणूस मोठा झाला. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं. आणि तीन वर्षांपूर्वी बाई माहिती विचारत आल्या तेव्हा मी सांगितलं की ती शांतता भाऊंनी विचार करून, ठरवून घेतली होती.

तर सत्र सुरू झालं. मंचावर मधे बाई, त्यांच्या उजवीकडे नांदेडचे एक दिग्दर्शक, डावीकडे भाऊ, मांडीवर टॉवेल. मी कडेला माईक घेऊन उभा.

बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. जुन्या नाटकाची संहिता राजाला बोलायला लावते, पण या नटाने न्यायदानालाच नकार दिला, निकालाची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकली. एका शेतकरी नटाने जुन्या नाटकाला दिलेलं हे उत्तर आहे, असं त्या म्हणाल्या. बोलणं चांगलं होतं. समोरची मुलं लिहून घेत होती.

दिग्दर्शक पुढे सरकले. "बाई, एक विचारू? प्रयोग तुम्ही पाहिला होता का?"

"नाही. मी तेव्हा शाळेत होते."

"मग नटाने ठरवून केलं हे कशावरून? आमच्याकडे रोज कोणीतरी अडतं. मी तर एकदा सबंध प्रवेश गाळला होता. माझ्यावर नाही कोणी लेख लिहिला."

सभागृह हसलं. बाईही हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "माझा साक्षीदार इथेच आहे. हे स्वतः त्या प्रयोगाचे प्रॉम्प्टर होते. यांनीच मला सांगितलं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी हसून मान हलवली. कशी हलवली, होकाराची की कसली, ते मलाही सांगता येणार नाही.

"आपण नटालाच विचारू," बाई म्हणाल्या. "भाऊ, त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?"

भाऊ उठले. त्यांनी टॉवेल सोडला. ढालीचा पितळी पत्रा काळा पडला होता. ती त्यांनी दोन्ही हातांत धरून बाईंच्या पुढे केली.

"मनात काहीच नव्हतं, बाई. मी इसरलो होतो."

टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या. दिग्दर्शकसुद्धा वाजवायला लागले, "वा, काय साधेपणा आहे!"

"टाळ्या नका वाजवू!" भाऊंचा आवाज चढला. तोच जुना आवाज, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. "खरं सांगून राह्यलो. माहं डोकं तवाच खराब झालं होतं. माह्या बापासारखं. ही ढाल माही नाही. घ्या तुमी."

बाई गोंधळल्या. ढालीला हात लावावा की नाही हे त्यांना कळेना. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भाऊ, राजाचं विसरणं, हाही एक अर्थच आहे ना?" समोर पुन्हा कोणीतरी टाळी वाजवली. भाऊ ढाल पुढे धरून तसेच उभे होते. ती घ्यायला कोणी हात पुढे करत नव्हतं. 

माईक माझ्याकडे होता. तो तोंडापाशी धरलेला होता आणि मी बोलत नव्हतो. पहिल्या रांगेत माझी मुलगी होती, माझे साहेब होते. एवढंच म्हणायचं होतं की सत्र इथे थांबवू, चहा घेऊ. तसं म्हणून मी वाचलो असतो. ते शब्द जिभेवर तयार होते हे मला आजही आठवतं.

मी म्हणालो, "भाऊंनी खूण केली होती."

कोणाला काही समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. अडल्यावर शेल्याचं टोक धरायची आमची रीत सांगितली. "त्यांनी टोक धरलं होतं. मी पाहिलं. वाक्य माझ्यासमोर होतं. मी मुद्दाम दिलं नाही. बाईंना मी खोटं सांगितलं."

 मग दिग्दर्शक मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे, म्हणजे ती शांतता प्रॉम्प्टरची! बाई, हे तर तुमच्या लेखाच्या पुढचं आहे. पडद्याआडच्या माणसाने प्रयोग घडवला!" आणि मागच्या एका प्राध्यापकांनी मान डोलावली. बाईंनी मात्र वही मिटली.  मला क्षणभर, लाज वाटते लिहायला, पण क्षणभर बरं वाटलं. बावीस वर्षांनी कोणीतरी म्हणत होतं की ते माझं होतं.

भाऊ ढाल खुर्चीत ठेवून माझ्याजवळ आले. माईकमध्ये नव्हे, माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी विचारलं.

"मी शेल्याले हात लावला होता?"

"हो."

"उजवा?"

"उजवाच. मुठीत धरला होता."

"म्हंजे मले याद होतं." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "खूण याद होती मले."

"हो, भाऊ."

"काऊन नाही देल्लं मंग?"

मी सांगितलं. टपरीवरचं बोलणं, पुस्तक धरते आमचं, ते सगळे हसले ते. सांगताना ते फार लहान वाटलं. भाऊंना ते टपरीवरचं आठवतच नव्हतं. त्यांनी आठवून पाहिलं, मान हलवली.

"तेवढ्यासाठी?" ते म्हणाले. एवढंच. मंच उतरून सभागृहाबाहेर गेले. मी मागे गेलो तर फाटकात वळून म्हणाले, "माह्या मांगं येऊ नको." मी थांबलो. ढाल मंचावर खुर्चीतच राहिली होती. ती नंतर मी बाईंच्या हातात दिली, तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कशाला? लेख मी मागे घेते आहे. तुम्ही मला सगळं लिहून पाठवा, सहीनिशी." मी पाठवलं.

मला वाटलं होतं, सांगून झालं. पाडव्याच्या आठ दिवस आधी भाऊंच्या मुलाचा फोन आला.

"काका, बाबांनी बटई मोडली. त्या मानसाले घरी बलावून नाही म्हनलं. म्हनते, माहं डोकं ठीक हाये, काकाले इचारा. काय सांगून ठेवलं तुमी त्यायले? आमी काय समजाचं? तुमी या आन् सर्वायसमोर सांगा."

मी गेलो. रविवारी सकाळची वेळ होती. ओसरीवर मुलगा होता, दारात सून उभी होती, आणि तो नार्नूरकडचा माणूसही येऊन बसला होता. भाऊ अंगणात आमच्याकडे पाठ करून फवारणीचा पंप धूत होते. कॉलेजात सांगताना मला मोठमोठे शब्द मिळाले होते. इथे खूण, रीत, संहिता यातलं काही चालणार नव्हतं. मी सांगितलं की भाऊ विसरले ते साधं विसरणं होतं, त्यांना मदत मागायची शुद्ध होती, मदत मी अडवली, आणि त्यांना वाटत राहिलं की आपलं डोकं गेलं.

"काऊन अडवली?" मुलाने विचारलं.

"राग आला होता."

"आन् आता त्यायचं डोकं ठीक हाये म्हनता?"

"ते मले मालूम नाही. त्या दिवशीचं मालूम हाये. त्या दिवशी ठीक होतं."

नार्नूरकडचा माणूस हळूच उठला आणि चपला घालून निघून गेला. मुलगा डोकं धरून बसला. सून दारातून ओसरीवर आली.

"काका," ती म्हणाली, "मी या घरात आली तवापासून यायले पोरीसंगं रोडवर सोडत नाही. पोरगी हात धरून म्हने, आजोबा चला, त मी वढून घरात आनो. यायच्या देखत म्हनलं म्या, आजोबाले याद राहत नाही, तुले कुठंही सोडून देतीन." तिने अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाच वर्सं. यायनं कधी उलटून बोललं नाही. यायले खरंच वाटे."

अंगणात पंपातून पाणी सांडल्याचा आवाज येत होता. भाऊ मागे वळले नाहीत. औषध मोजायचं झाकण त्यांनी धुतलं, उन्हात धरून पाहिलं, पुन्हा धुतलं.

मी म्हणालो, "भाऊ."

ते म्हणाले, "सांगून झालं न? जा मंग."

सुनेने वाटेतली पाटी बाजूला केली, मला जायला जागा करून दिली. मी चपला शोधल्या. मुलगा रस्त्यापर्यंत आला नाही. नेरडीगोंड्याच्या फाट्यापर्यंत मी चालत गेलो.